रिकाम्या मागाची पट्टी

आमची पेठ वसत होती तेव्हा सरकारचा कौल होता: या, घर बांधा, धंदा मांडा, मुदतीपर्यंत पट्टी माफ. त्या शब्दावर माझे सासरे पैठणकडचं बिऱ्हाड उचलून पुण्याला आले. आम्ही कोष्टी. घरात दोन माग होते. एकावर सासरे बसत, दुसऱ्यावर आमचे हे. मी सुताला खळ लावायची, कांड्या भरायची आणि कडेवरची मुलगी सांभाळायची. पागोटी विणून बुधवारच्या बाजारात द्यायची आणि दोन वेळा जेवायचं. त्याला सुख म्हणतात हे तेव्हा कळलं नाही, इतकं दमायला व्हायचं.

मुदत कधीतरी संपणार हे ठाऊक होतंच. संपली, तेव्हा पेठेतल्या सगळ्या कोष्ट्यांवर मिळून एक ठोक रक्कम बसली. ती आमच्या पंचांनी मागांप्रमाणे वाटून गोळा करायची. सरकारला हे फार सोयीचं. भांडायचं तर आपसांत भांडा.

सासऱ्यांनी शक्कल काढली. मोजणीच्या आदल्या दिवशी दुसरा माग उतरवून लाकडं माळ्यावर टाकली. मागावर बसून पाय सोडायचा खड्डा ह्यांनी स्वतःच माती टाकून बुजवला. मी वरून सारवलं आणि त्यावर जातं ठेवलं.

कारकून आला. उंबऱ्याबाहेरूनच त्याने घरात नजर फिरवली.

"माग किती?"

"एकच हाय, जी," सासरे म्हणाले.

"आणि हा कोण?" त्याने ह्यांच्याकडे बोट केलं.

"पाहुणा हाय. ताणा करू लागायला आलाय."

"पाहुणा बराच धष्टपुष्ट दिसतो. यजमान मात्र वाळलेत," असं म्हणून तो एक माग लिहून गेला.

त्या दिवशी जेवताना सासरे मला म्हणाले, "पाहुण्यास्नी आधी वाढा." आम्ही खूप हसलो. हेही हसले.

हसू फार दिवस पुरलं नाही. ही अक्कल एकट्या आम्हालाच थोडीच होती! घरोघरी माग उतरले होते, घरोघरी पाहुणे आले होते. ठोक रक्कम मात्र छदामाने कमी झाली नाही. ती लिहिलेल्या मागांवर वाटली गेली आणि एका मागावर दोन मागांची पट्टी येऊन बसली. लपवलेला माग मांडावा, तर शेजारी टपलेले. त्यांचं तरी काय चुकत होतं? आमचा चोरून चालणारा माग म्हणजे त्यांच्या ताटातली भाकरी. आम्हीही भिंतीला कान लावून त्यांच्या मागावर धावणाऱ्या धोट्याचा आवाज ऐकायचोच. कबूल करावं, तर खोटं बोलल्याचा दंड. ज्यांच्या पंगतीला बसायचं त्यांच्यावरच पाळत ठेवायची, अशी गत झाली.

माझा नवरा मागावाचून घरात बसून राहिला. दुसरा धंदा धरायचा, तर ते धंदेवाले उभं करणार नाहीत आणि आमचे पंच जातीतून उठवणार. कुणालाही घेतील असं काम एकच होतं, लष्कराबरोबर ओझी वाहण्याचं. दसरा झाला, लष्कर निघालं, हेही त्याच्यामागून चालणाऱ्या बुणग्यांत गेले. "शिमग्याला येतो," म्हणाले. शिमगे बरेच आले. लष्करही दोनदा परतलं. आधी मी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. पुढे लोक मला टाळायला लागले, मग विचारणं सोडलं.

पुढे पेठेचा अंमल दुसऱ्याकडे गेला, जुन्या दंडाची भीती मिटली आणि नवी मोजणी आली. सासऱ्यांनी एकट्याने खड्डा उकरला आणि माळ्यावरची लाकडं उतरवून माग उभा केला. कारकुनाला म्हणाले, "दोन हायेत, जी." मी आतून ऐकत होते. नंतर भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "ल्योक परत आला तर बसंल कुठं?"

मला त्यांची माया समजत होती आणि रागही येत होता. दोन मागांची पट्टी एका म्हाताऱ्याच्या हातांवर. दोन वर्षं आम्ही संध्याकाळची भाकरी पातळ कण्यांवर आणली. मुलगी वाडगं चाटून पुसून ठेवायची, आणखी मागायची नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं. त्या रिकाम्या मागावरची धूळ झटकताना मी एकदा त्याला लाथ मारली, मग त्याच्यापाशीच बसून रडले.

पुढच्या मोजणीला सासरे काही बोलायच्या आत मी पदर सावरून दारात आले. कारकुनाला म्हणाले, "माग एकच लिहा. दुसऱ्यावर बसनारं मानूस ऱ्हायलं न्हाई."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा धोटा मात्र थांबला. कारकुनाने लिहिलं आणि जाताना माझ्या कपाळाकडे नजर टाकली. कुंकू होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या वर्षी पट्टी निम्मी झाली. मुलीने संध्याकाळी पुन्हा भाकरी मागितली आणि मी तिला अख्खी वाढली.