आईचा डबा आणि माझी बॅटरी बँक

आई गेली तेव्हा फ्रीजरमध्ये तिनं केलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा एक डबा उरला होता, आणि त्यानंतर आमच्या घरात त्या डब्याइतका मान कुणालाच नव्हता.

बाबा तो उघडत नव्हते, टाकूनही देत नव्हते. जेवायच्या आधी फ्रीजरमध्ये डोकावायचे आणि मुकाट्यानं वरणभात जेवायचे.

अशात करी रोडच्या आमच्या चाळीची वीज गेली. शेजारच्या नव्या टॉवरच्या आवारात खोदताना केबल तुटली. निम्मी बिऱ्हाडं आधीच दुसरीकडे हलली होती, त्यामुळे दुरुस्तीची कुणाला घाई नव्हती. रोज बर्फ आणून आम्ही डबा त्यात पुरत होतो.

"बाबा, दादरला माझ्या फ्रीजमध्ये ठेवतो ना!"

"नको. तिना हयसर ठेवल्यान."

झालं! आईनं इथं ठेवलेला डबा इथंच राहणार, म्हणून मी गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. (विजेशी माझा संबंध तोवर बिल भरण्यापुरता!)

"दादा, कुणाला तरी विचार रे," बहीण सुषमा म्हणाली.

"त्यात काय विचारायचंय? फ्रीज किती वॅटचा, किती तास चालणार, गुणाकार करायचा, तेवढी बॅटरी आणायची!"

आणली. पॅनेल आणि इन्व्हर्टरसकट कंबर धरत जिने चढवली. बटण दाबलं. फ्रीज गुरगुरला, इन्व्हर्टर किंचाळला आणि दोघंही गप्प! सुरू होताना फ्रीज कितीतरी पट वीज ओढतो, हे माझ्या गुणाकारात नव्हतं. मोठा इन्व्हर्टर आणला. चालला! बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी बॅटरीनं मान टाकली. ती पार तळापर्यंत वापरायची नसते म्हणे! मग मी आणखी बॅटऱ्या आणून जुनीला जोडल्या. खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. तरी संध्याकाळी फ्रीज बंद!

सुषमा गच्चीवर जाऊन आली. "दादा, पॅनेल सावलीत का वाळत घातलंयस?"

मी ते सकाळी बसवलं होतं. दुपारी टॉवरची सावली नेमकी त्याच्यावर यायची. बँक केवढी थोरली, पण भरणार कशानं?

बाबांनी डब्याला बोट लावलं. आतला बर्फ नुकताच वितळायला लागला होता.

"बाबा, मी उद्या अजून एक पॅनेल..."

"रवांदे," ते म्हणाले आणि त्यांनी गॅस पेटवला.

तिरफळाचा वास उठला आणि सुषमा दाराकडे तोंड करून उभी राहिली. आम्ही तिघं एकाच ताटाभोवती बसलो. बाबांनी पहिला घास घेतला, बराच वेळ चघळला.

"मीठ वायच जास्त घातल्यान," ते म्हणाले, आणि स्मशानातही न रडलेला माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मग आम्हीही. ताट मात्र पुसून खाल्लं. डबा त्यांनी स्वतः घासला.

सकाळी केबल जोडून झाली. अर्थातच! बाबांच्या रिकाम्या फ्रीजरला आता अखंड वीज आहे. बॅटऱ्या माझ्या दादरच्या घरी पडल्यात. त्या हलवता हलेनात, तेव्हा बायको म्हणाली,

"आयुष्यात तुम्ही केलेलं एवढं एकच वजनदार काम!"