सुनीची उंची

पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानात, मिरच्या वाळायला पडल्या, की त्यांचा ठसका वर्गापर्यंत येतो आणि मला म्हसावदच्या शाळेतली ती ओळ आठवते.

मध्यक शिकवायला मी अकरा मुलांना उंचीनुसार उभं केलं होतं. बरोबर मध्ये सुनी आली, एकशे चाळीस सेंटिमीटर. "मध्यक म्हणजे ही," मी म्हणाले, तशी ती लाजून हसली. दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली.

त्याच आठवड्यात उजळणीला मी पुन्हा ओळ लावली. मुलांनी मध्ये एक जागा मोकळी सोडली होती.

"सरका, जवळ या."

"बाई, तठे सुनीनी जागा शे," तिची मैत्रीण म्हणाली.

"जो हजर नाही त्याला मोजत नाहीत," मी चिडून म्हणाले. मुलं सरकली.

आता दहाजण होते, म्हणून मधल्या दोघांची सरासरी काढली. एकशे अडतीस आणि एकशे बेचाळीस. फळ्यावर उत्तर आलं, एकशे चाळीस. ओळीत तेवढ्या उंचीचं कुणीच नव्हतं.

सुनी पुन्हा शाळेत आली नाही. मीही तिच्या घरी विचारायला गेले नाही.

अजून दरवर्षी मध्यक शिकवते. ओळीत मुलं समसंख्येने भरली, तर मधोमध कुणीतरी उभं असावं म्हणून एकाला खाली बसवते.