बिनमालकाचं गाणं आणि हिची हाक

माझी नात शेती करते. आमच्या विहिरीखालच्या तुकड्यात नाही, कॉम्प्युटरवर. पंख्याखाली बसायचं, दोन्ही कानांवर वाट्या लावायच्या आणि बटणं दाबायची. पाच मिनिटांत नांगरट, पेरणी, काढणी सगळं उरकतं. तिथल्या बैलाला शेण होत नाही. वीज जात नाही. रानडुकरं येत नाहीत. आणि ही शेती बघायला रोज संध्याकाळी माणसं जमतात, आपापल्या घरी, आपापल्या मोबाईलवर. ह्याला लाईव्ह जाणं म्हणतात. मी पन्नास वर्षं खरीखुरी शेती केली, बांधावर बघायला शेजाऱ्याचं कुत्रंसुद्धा थांबलं नाही.

तर ह्या शेतीच्या मागं संगीत लागतं.

"नांगरताना मागं कुनी वाजवीत बसतं व्हय?" मी विचारलं.

"आबा, नुसती खडखड कोन ऐकंल?"

आधी ती सिनेमाची गाणी लावायची. ते चालत नाही म्हणे. गाण्याला मालक असतो. तो कुठं बसतो देव जाणे, पण त्याच्या कानाला आमच्या गावातलं बरोबर ऐकू जातं, आणि मग तो अख्ख्या व्हिडिओचा आवाज बंद करायला लावतो. म्हणून आता नात एआयकडून गाणी करून घेते. 'गावाकडचं, सकाळ, बासरी, शांत' एवढं लिहिलं की चहा गाळायच्या आत गाणं तयार. ते मशीननं केलेलं, त्याला मालक नाही, त्यामुळं कुणाची तक्रार नाही.

"म्हंजे बेवारस," मी म्हणालो.

"कॉपीराईट फ्री म्हनत्यात, आबा."

"गावात बेवारस म्हैस शिरली तर कोंडवाड्यात घालत्यात. तुमी घरात बांधून वैरन टाकताय."

गावाकडचं म्हणून मशीननं जे दिलं त्यात बासरी होती, एक घुंगरू होतं आणि चार पाखरं पाळी लावून ओरडत होती. कसं वाटलं म्हणून तिनं विचारलं. बँकेत फोन केल्यावर 'प्रतीक्षा करा' म्हणून जे वाजवतात तसं वाटलं, तेच मी सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण ह्या कॉपीराईटनं माझं एकदा वाटोळं केलेलं आहे.

माझी बायको दीड वर्षामागं गेली. तिला फोटोचं वावडं नव्हतं, पण मोबाईल समोर धरून कुणी 'बोल' म्हणालं की पदर तोंडात. एकाच व्हिडिओत बोलली होती, पुतण्याच्या हळदीला. मी पंगतीशेजारी उभा होतो आणि ही खेकसली, "आवो, बसा की आता, वाढप्यावानी काय हुबं ऱ्हायलात!" एवढंच. मागं डीजे वाजत होता. नातीनं तो व्हिडिओ चॅनलवर टाकला आणि मोबाईलमध्ये जागा उरली नव्हती म्हणून मोबाईलमधला काढून टाकला. तिची आजी गेल्यावर महिन्याभरानं डीजेवरच्या गाण्याच्या मालकानं हरकत घेतली. आवाज बंद. आता व्हिडिओत ही माझ्याकडं बघून तोंड हलवते आणि ऐकू काही येत नाही. कुण्या कंपनीचं गाणं वाचलं, माझी बायको मुकी झाली. पोरगी लई रडली. मी तिला काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढं एकदा तीच माझ्यापाशी येऊन बसली.

"आबा, गेममधी दुपार झाली की वाजवायला कायतरी खरं पायजे. दुपारचं रानात काय ऐकू यायचं?"

"हाक," मी म्हणालो.

आमच्या वेळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. दुपारी भाकरी घेऊन रानात आल्या की बांधावरनं ओरडायच्या, "आवोऽऽ!" आमच्या शिवारात दहा वावरं एकाला एक लागून. दहा नवरे, दहा बायका, आणि दहाही नवऱ्यांचं नाव एकच, आवो. तरी ज्याचा त्यानंच मान वर करायची. मी एकदाच दुसरीच्या हाकेला वळलो, ते पंधरा दिवस ऐकून घेतलं.

"मंग आजीचीच हाक करू," नात म्हणाली.

खरं सांगतो, मला तिच्या गेमचं काही पडलं नव्हतं. व्हिडिओतला आवाज गेला तो गेला, हाक तरी हाती लागेल, असा लोभ सुटला मला. खुर्ची ओढून बसलो आणि चौथी शिकलेला माणूस मशीनला शिकवायला लागलो.

"लिही. पन्नाशीची बाई. घसा बसल्याला. लांबनं."

मशीननं एक पोरगी दिली, साबणाच्या जाहिरातीत धबधब्याखाली उभी असते तसल्या गळ्याची.

"लिही, चिडल्याली हाय."

मग ती चिडली, पण सुरात चिडली. सुरात चिडणारी बायको मी उभ्या जन्मात बघितली नाही.

"लिही, चिडल्याली न्हाई. भूक लागलीय तिला, आन माझ्यासाठी थांबलीय."

नातीचा हात थांबला. "आबा, हे त्याला कसं कळनार?"

"मंग एवढी हुशार मशीन म्हनून कशाला मिरवता?"

मी हट्टाला पेटलो होतो. चौदा हाका करून घेतल्या. एकीत देवळाचा घुमारा, एकीत रडणं, एकीत तर चक्क पुरुष. शेवटी नात म्हणाली, बास. त्यातली सहावी तिनं दुपारच्या संगीतात घातली, मागं बासरी सोडून. बघणाऱ्यांनी मोबाईलवरनं लाल बदाम पाठवले. कुण्या बाईनं लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. येणारच, बेवारस हाकेवर कुणालाही रडता येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बांधावर डोळे मिटून बसलो. ही गेल्यापासून मी रोज बसतो, कुणाला सांगत नाही. असं बसलं की हाक आपोआप यायची. त्या दिवशीही आली. पण ती मशीनची, सहावी होती. मागं बासरी.

उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. परत तीच. चार दिवस हेच चाललं. हिचा चेहरा दिसायचा, तोंड उघडायचं आणि आतनं सहावा नंबर बाहेर यायचा. मी घाबरलो. ही गेली तेव्हा एवढा घाबरलो नव्हतो, तेव्हा निदान डॉक्टरनं आधी सांगून ठेवलं होतं.

"ते समदं पुसून टाक," मी नातीला म्हणालो.

"पुसलं, आबा."

"माझ्या डोक्यातनं कोन पुसनार?"

 तिचा तरी काय दोष, खुर्ची मीच ओढली होती.

सहाव्या दिवशी पिशवी घेतली आणि खर्ड्याची वाट धरली. जामखेडला एसटी बदलावी लागते. खर्ड्याला माझी मेहुणी राहते, हिची धाकटी बहीण. गावाबाहेर वस्ती आहे, चौफेर ज्वारी. मला बघितलं तशी ती दारातच थबकली.

"दाजी! न कळवता? कुनी गेलं का काय?"

"जायाचं ते गेलंय. आता कशाला कोन जातंय?"

"मंग?"

"आलो असाच."

"असंच येनारं मानूस न्हाई तुमी. माझ्या लग्नाला सुदिक दोन निरोप धाडल्यावर आल्तात."

तिनं ओट्यावर पाट टाकला, भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा वाढला. साडू ज्वारीच्या पार पलीकडच्या कडेला पाखरं राखत होता.

"ह्यांना बोलावते जेवायला," म्हणाली आणि बांधाकडं गेली. मी त्याचसाठी आलो होतो. दोघी बहिणी एकाच आईच्या हाताखाली वाढलेल्या. हाक मारायला शाळेत थोडीच शिकवतात?

"आवोऽऽ!"

मी उठून उभा राहिलो. हातात घास, पायानं तांब्या लवंडलेला, पाणी ओट्यावरनं खाली.

मेहुणी वळली. "तुमाला न्हाई मारली हाक, दाजी. बसा."

"म्हाईत हाय मला," मी म्हणालो. पण बसलो नाही.

ती हाक हिची नव्हती. मेहुणीचा आवाज शेवटी वर जातो आणि तिथंच लोंबकळत राहतो, येता का म्हणून विचारत. हिचा तसा नव्हता. ही शेवटाला आवाज खाली टाकून द्यायची, सुपातले खडे आपटून टाकावेत तसा. यायचं तर या, न्हाई तर मी बसले जेवायला. मेहुणीच्या हाकेत चुकतंय कुठं ते कानाला कळलं, आणि चूक कळली तशी खालनं हिची हाकही वर आली, घसा बसलेली, भुकेली. मागं काही वाजत नव्हतं.

मेहुणी पदराला हात पुसत ओट्यापाशी आली. "ह्यांना आताशा कमी ऐकू येतं. अजून एकदा मारावी लागंल."

"मार की," मी म्हणालो. "भाकरी कुठं पळून चाललीय?"

तिनं माझ्याकडं बघितलं, खाली सांडलेल्या पाण्याकडं बघितलं. टोमणा मारला नाही. परत बांधावर गेली. साडू तोवर निघालाही होता, ज्वारीतनं त्याचा पटका हलताना दिसत होता. तरी तिनं आणखी तीन हाका मारल्या.