दोन सिटांच्या गाडीचे मागचे टायर

टायर घ्यायला गेला आणि चुलतभावाचा जबडा फोडून आला, असं माझ्याबद्दल गावात अजून सांगतात. खोटं नाही ते. पण सांगणारे अर्धंच सांगतात. मी तिसरीपर्यंत शिकलो. सजवून लिहिणं मला जमत नाही, आणि मार खाल्ला तिथं दिला असं लिहायची सवयही नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरी-चिंचवडला तेव्हा ज्वारीच्या रानातच एखादं पत्र्याचं छप्पर उठायचं आणि लोक म्हणायचे, कंपनी आली. चिंचवडला अशाच एका छपराखाली माझ्या साहेबांचं वर्कशॉप होतं. मी तिथं ट्रकचा ड्रायव्हर. साहेब विलायतेत शिकलेले. येताना बोटीवरून एक गाडी घेऊन आले होते, दोन सिटांची, कापडी टपाची, इतकी बुटकी की शेजारून बैल गेला तर बैलाचं पोट दिसायचं. चाकांना सायकलीसारख्या तारा. आख्खं चाक मधल्या एका मोठ्या नटावर बसायचं. नटाला दोन कान, त्या कानांवर तांब्याच्या हातोडीनं ठोकायचं. उजव्या अंगाचे नट उलटे फिरायचे. साऱ्या टापूत हे दोघांनाच ठाऊक होतं, साहेबांना आणि मला. गाडी ते स्वतः चालवायचे. धुणं, तेलपाणी, हवा भरून आणणं माझ्याकडं.

बाईसाहेब बाळंतपणाला नाशिकला माहेरी गेल्या होत्या. मुलगी झाली होती. तिला तीन महिने झाल्यावर साहेबांनी ठरवलं, रविवारी जायचं आणि सोमवारी दोघींना याच गाडीतून आणायचं. सासऱ्यांनी पत्र लिहून मोटार पाठवतो म्हणून कळवलं, तर साहेब जास्तच इरेला पेटले.

मागचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झाले होते. साहेब मला म्हणाले, "कुठून घ्यायचे, कुठं बसवायचे ते तू ठरव. मला यंत्रातलं कळतं, इथल्या बाजारातलं तुला कळतं. फक्त परतताना त्या टायरांवर माझी मुलगी असणार आहे."

मला ट्रक सोडून दुसरं काही ठरवायला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याच दिवशी पुण्याला कॅम्पात गेलो. तिथं टायरचं मोठं दुकान होतं, काचेचं, दारावर वर्दीतला पहारेकरी. आत टायर मांडलेले, देवळात मूर्ती मांडाव्या तसे. मी माप सांगितलं. टाय लावलेला माणूस माझ्या पायातल्या वहाणांकडं बघत म्हणाला, "गाडी कुणाची?"

"साहेबांची."

"मग साहेबांना चिठ्ठी द्यायला सांग. आणि हात लावू नकोस."

मी हात लावला. न बघता टायर घेतो कोण? पहारेकऱ्यानं मागून माझी कॉलर धरली. मी त्याचं मनगट धरून असं पिळलं की तो गुडघ्यावर बसला. मग आतून दोघं आले आणि तिघांनी मिळून मला पायऱ्यांवरून खाली फेकलं. ओठ फाटला. रस्त्यावरच्या टांगेवाल्यानं हसून विचारलं, "काय भाऊ, उधळलं का घोडं?" मी तिथंच रक्त थुंकलो आणि ठरवलं, या दुकानात परत पाऊल नाही.

चिंचवडला एक मुसलमान मिस्त्री होते, म्हातारे. लढाईच्या काळात लष्कराच्या मोटारी दुरुस्त केलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्याकडं टायर विकायला नव्हते, पण बसवावेत तर त्यांनीच. माझा ओठ बघून म्हणाले, "टायर घ्यायला गेलता का कुस्तीला?"

मी झालं ते सांगितलं. चाचा म्हणाले, "दुकान तेच बरोबर हाय बेटा. या मापाचा कोरा माल दुसरीकडं नाय. तुझी इज्जत घरी ठेवून जा आन् घेऊन ये. मी बसवतो."

"आणि दुसरीकडं मिळाला तर?"

"मिळंल. कापलेला मिळंल." मग त्यांनी मला एक जुना टायर दाखवला. गुळगुळीत झालेल्या टायरवर तापलेल्या पात्यानं पुन्हा खाचा कोरायच्या, वरून काळं पॉलिश मारायचं, की झाला नवा. ओळखायचं कसं? खाचेत नख घालायचं. साच्यातून निघालेली खाच तळाशी गोल असते, नख घसरतं. कापलेली खाच टोकदार, नख अडकतं. एवढंच. न्हाव्याला वस्तरा कळतो तसं मला ते एका फटक्यात कळलं.

आता चुलतभावाचं सांगतो. माझ्या चुलत्याचा हा थोरला मुलगा. त्यानं चाकणला बाजाराच्या तोंडाशी टायरचं दुकान टाकलं होतं. कांद्याच्या ट्रका तिथं थांबायच्या. आमच्या भावकीत शेती सोडून दुकानात बसलेला तो पहिला, म्हणून चुलत्याची छाती फुगलेली. माझ्या साहेबांना टायर पाहिजेत ही बातमी कशी कोण जाणे, माझ्याआधी चाकणला पोचली. चुलता आमच्या घरी येऊन आईला सांगून गेला, "घरात दुकान आसताना पोरगं कॅम्पात मार खातंय. लोकं त्वांडात शेण घालत्यात आमच्या."

मी साहेबांची गाडी घेऊन चाकणला गेलो. साहेबांनी बजावलं होतं, तिसाच्या वर काटा न्यायचा नाही.

चुलतभावानं गोणपाटातून दोन टायर काढले. माप बरोबर, काळेभोर. "लष्कराच्या लिलावातला माल हाय. कॅम्पातल्या टायवाल्याच्या बापानं बघितला नसंल."

मी खाली वाकलो. बोट खाचेपाशी नेलं. तेवढ्यात मागं खाटेवर बसलेला चुलता बोलला, "काय बघतुयास?"

"काही न्हाई, तात्या."

"बघ की. नीट बघ. भावाचा माल हाय, चोराचा आसंल."

दुकानात चार ट्रकवाले चहा पीत बसले होते. सगळे माझ्या बोटाकडं बघायला लागले. आमच्यात भावकीतून बैल घेतला तर दात बघत नाहीत. मुलगी दिली तर घर बघत नाहीत. बघितलं की तो तोंडावर थुंकल्यासारखा अपमान, आणि तो तीन पिढ्या टिकतो. मी बोट मागं घेतलं. ती माझी चूक. माझी एकट्याची. चाचांनी शिकवलं होतं, मला येत होतं, आणि मी केलं नाही.

चुलतभाऊ नटावर लोखंडी हातोडा मारायला गेला, तोही उलट्या बाजूनं. मी हातोडा हिसकावला, तांब्याची हातोडी काढली आणि चाकं स्वतः काढून दिली. "लई शाना झालास रं," तो हसत म्हणाला. टायर बसवून निघालो.

रस्ता रिकामा. दोन्ही अंगाला वड. मी मनाशी म्हणालो, परवा पोर बसायची आहे, फुटायचा तर माझ्या बुडाखाली फुटू दे, आणि पाय दाबला. हे मी नंतर सगळ्यांना सांगत आलो आणि ते खरंच आहे. पण त्या गाडीचा आवाज मला चढत गेला हेही खरं आहे. काटा पंचावन्नाच्या पुढं होता.

कुरुळीच्या अलीकडं मागचा डावा टायर फुटला. बंदूक उडावी तसा आवाज. गाडीचं बूड हातातून निसटलं, मी चाक फिरवतोय आणि गाडी ऐकत नाही. एका वडाला पत्रा घासला, ठिणग्या उडाल्या, आणि समोर कडब्याची बैलगाडी. धडकलो. डावीकडचा बैल जागीच बसला. त्याचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडून उलटा झाला होता, हाड बाहेर. बैल ओरडत नव्हता. नुसता फुरफुरत होता आणि उठायला बघत होता, परत परत, त्याच पायावर.

गाडीवान कुरुळीचाच शेतकरी. त्यानं मला दाराबाहेर ओढलं आणि बैल हाकायच्या पराणीच्या दांड्यानं मारायला सुरुवात केली. डोक्यात, पाठीत, दंडावर. मारताना तो रडत होता. मी हात वर केला नाही. तो त्याचा हक्क होता. आयुष्यात एवढाच मार मी न बोलता खाल्ला. शेवटी त्याचेच हात दमले आणि तो बैलाच्या मानेला मिठी मारून बसला.

मी सरपटत चाकापाशी गेलो. टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. दुसऱ्या, शाबूत टायरच्या खाचेत नख घातलं. अडकलं. इतकं खोल कापलं होतं की तळाला आतल्या कापडाचा धागा लागला.

फुटकं चाक उतरवलं. फुटका टायर उचकटून खांद्यावर टाकला, उचकटायची लोखंडी पट्टी हातात घेतली आणि चाकणला चालत निघालो. दोन कोस. वाटेत राग निवेल असं वाटलं होतं. निवला नाही, घट्ट झाला.

चुलतभाऊ दुकानातच होता. मी टायर त्याच्यापुढं टाकला. "हे काय हाय?"

त्यानं बघितलं, पण लाजला नाही. "आरं, आसले टायर ट्रकला वर्स-वर्स चालत्यात. मुंबईला कांदा घिऊन जात्यात लोक."

"ट्रक वीस मैलानं जातो."

"मग तुला कुनी उडवाय सांगितलं? इमान हाय व्हय ते?"

ट्रकवाले हसले. मी म्हणालो, "तान्ही पोर बसणार हुती ह्याच्यावर. तीन म्हयन्याची."

"सायबाची पोर! तुजी कोन लागती ती? भाकरीसाठी सायबापुढं शेपूट हलवतुयास आन् भावकीवर भुंकतुयास?"

पट्टी फिरली. त्याच्या गालावर बसली तेव्हा ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. तो खाली पडला, तोंडातून दोन दात आणि रक्ताची गुळणी. मी दुसऱ्यांदा पट्टी उचलली. त्या वेळी चुलत्यानं पोती उचलायचा आकडा माझ्या दंडात मागून घुसवला आणि ओढला. नाहीतर मी चुलतभावाला मारून टाकला असता. चुलत्यानं त्या दिवशी दोघांना वाचवलं, मुलाचा जीव राखला आणि माझा फास चुकवला. पण मी हे त्याला जिवंतपणी बोललो नाही. चुलतभावाचा जबडा तारेनं बांधावा लागला. पोलिसात कुणीच गेलं नाही. भावकीचं भावकीत.

साहेबांनी गाडी ओढून आणवली. शेतकऱ्याला उरलेल्या बैलाच्या जोडीचा बैल घेऊन दिला. मग मला समोर उभं केलं. "कुठून घेतले होते?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "चाकणहून. चुलतभावाकडून. कापलेले होते. मला ओळखता येत होतं, पण चुलत्यासमोर नख लावायची लाज वाटली. आणि काटा पंचावन्नावर होता."

साहेबांनी कागद पुढं ओढला. मला वाटलं, आता हातात पगार देणार आणि वाट दाखवणार. त्यांनी चिठ्ठी लिहिली. "कॅम्पात परत जा. रविवार पुढचा."

पंचावन्नावर काटा नेणं सोपं होतं, त्या पायऱ्या चढणं अवघड. तोच पहारेकरी. त्यानं माझा बांधलेला हात बघितला, मी त्याचं मनगट. टायवाल्यानं टायर आणून ठेवले. मी चिठ्ठी खिशातच ठेवली आणि म्हणालो, "हात लावून बघणार." एकेक खाच बघितली. तो घड्याळ बघत राहिला. मग चिठ्ठी दिली. मुंबईहून दोन आले होते, दोन्ही घेतले. चाचांनी बसवले, चेपलेला पत्रा ठोकून सरळ केला, आणि मला म्हणाले, "इज्जत घरी ठेवलती का?" मी म्हणालो, नाही.

पुढच्या रविवारी साहेब एकटेच गेले. दोन सिटांची गाडी, माझी जागा नव्हती. मी सोमवारी सकाळपासून वर्कशॉपाला लागून असलेल्या साहेबांच्या बंगल्याच्या फाटकात उभा राहिलो. कुठं बैल आडवा आला असेल, कुठं घाटात काय झालं असेल, नको ते डोक्यात येत होतं.

दुपारी भावकीतले तिघं काठ्या घेऊन आले. चुलतभावाचे सख्खे भाऊ दोघं, एक मेहुणा.

"रस्त्यावर यी," धाकटा म्हणाला.

"गाडी येऊ दे, मग येतो."

"आत्ता यी!"

"सांगितलं ना, फाटक सोडणार न्हाई. मारायचं तर हितंच मारा."

मागं वर्कशॉपात वीस माणसं होती, हाक मारली असती तर धावली असती. मी मारली नाही. एका हातानं जेवढं देता आलं तेवढं दिलं, मेहुण्याचं नाक फोडलं. मग त्यांनी मला आडवा केला आणि दमेपर्यंत मारलं. दोन बरगड्या गेल्या. डावा डोळा सुजून बंद झाला. जाताना धाकटा म्हणाला, "आता मिटलं." मीही म्हणालो, मिटलं.

फाटकाला धरून उभा राहिलो तेव्हा गाडीचा आवाज आला. एका डोळ्यानं आधी मी मागची चाकं बघितली. मग माणसं. साहेब उडी मारून उतरले, माझे खांदे धरले. "कुणी मारलं तुला? अरे, बोल की, कुणी मारलं?"

मी म्हणालो, "ते राहू द्या साहेब. टायर कसे चालले ते सांगा आधी."

साहेबांनी वळून गाडीकडं बघितलं. बाईसाहेब मुलीला पदराखाली घेऊन बसल्या होत्या. माझ्या तोंडाकडं बघून घाबरल्या, पण उत्तर त्यांनीच दिलं.

"आम्हाला दोघींना तर झोप लागली होती," त्या म्हणाल्या. "इथं फाटकात जाग आली."