दानम्माचे बारा खण

आमच्या शुक्रवार पेठेतल्या बोळात एक गोष्ट अजून सांगितली जाते. कडक भाकरीवाल्या दानम्माचं दुधनीला बारा खणांचं माळवदी घर आहे, आणि ते दडवून तिनं महापालिकेचं गरिबांसाठीचं घर लाटलं. समोरची भीमाबाई ही गोष्ट पदर तोंडाला लावून, पण सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशी सांगते. "बारा खण गं बाई! आन् ही बया माळावरच्या दीड खोलीसाठी अर्ज करतीया!"

यातलं महापालिकेचं घर खरं आहे. बारा खण खोटे आहेत. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण अर्जातले ते बारा खण माझ्याच अक्षरात आहेत.

दानम्मा बहात्तरच्या दुष्काळात सोलापूरला आली. नवरा गुरप्पा दुधनीला आडतीत हमाल होता, तो आदल्याच वर्षी वारला होता. बरोबर सासू निंगव्वा, एक लोखंडी तवा आणि पीठ मळायची एक काटवट. आमच्या शेजारची भाड्याची खोली मल्लप्पाच्या मालकीची. मल्लप्पाच्या तोंडात कायम तंबाखू. ती सांडू नये म्हणून तो हनुवटी वर करून बोलतो, त्यामुळं त्याचं सगळं बोलणं आढ्याशी चाललंय असं वाटतं. दानम्मा खोली मागायला गेली तेव्हा त्यानं आढ्याला विचारलं, "गाव कुटलं? गावाकडं घर हाय काय?"

"हाय की," दानम्मा म्हणाली. "बारा खणांचं हाय."

खोली मिळाली. आणि त्या दिवसापासून ते बारा खण आमच्या बोळात राहायला आले. नळावर भांडण लागलं की, "आमच्या बारा खणांत असलं गढूळ पानी बैलाला पाजत न्हाईत!" पावसात मल्लप्पाचं छप्पर गळलं की, "आमचं माळवद बगा, एक थेंब म्हनाल तर न्हाय." कुणाच्या लग्नात पंगत दाटीवाटीनं बसली तर, "आमच्यात येवढी मानसं एका सोप्यात बसत्यात."

मी तिची नक्कल करायचे. एक हात कमरेवर, दुसरा भाकरी थापता थापता मध्येच हवेत थांबलेला, आणि "बाऽरा खण" म्हणताना भुवया पार केसांपर्यंत. एकदा ती मागं कधी येऊन उभी राहिली मला कळलंच नाही. ती म्हणाली, "हात अजून वर धर की. बारा हैत, सा न्हाईत."

ती भाकरी थापायची ते मात्र कुणाला नकलेत येणार नाही. ज्वारीचं पीठ, हाताखाली नुसता थप्‌थप् आवाज, आणि भाकरी इतकी पातळ की तव्यावर टाकताना पलीकडचा दिवा दिसावा. भाजून झाली की चुलीभोवती उभी करून ठेवायची, कडकडीत वाळेपर्यंत. मग नखानं टिचकी मारून कान द्यायचा. आवाज बद्द आला की ती भाकरी घरात खायची. गिऱ्हाइकाच्या चळतीत टिचकीला वाजणारीच जायची. दोन खाणावळी आणि प्रवासाला निघालेली निम्मी पेठ तिच्या भाकरीवर होती.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर मल्लप्पानं पुन्हा आढ्याकडं बघितलं. "वैशाखात पोराचं लगीन काडलंय. खोली लागंल."

दानम्मानं पेठेतल्या खोल्या पालथ्या घातल्या. बारा खण सांगून झाले. पण दिवसभर चूल पेटवणाऱ्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. "धुरानं भिंती काळ्या हुतील," जो तो म्हणायचा. आणि चूल नाही तर भाकरी नाही, भाकरी नाही तर दानम्मा आणि निंगव्वा दोघींना खायला नाही. वैशाखाला पाच महिने होते.

अशात महापालिकेची घरं निघाली. शहराबाहेरच्या माळावर, एक खोली, एक स्वयंपाकघर, मागं थोडं अंगण. अर्ज करायचा, पात्र ठरायचं आणि मग चिठ्ठ्या टाकून सोडत. दानम्मा अर्ज घेऊन माझ्याकडं आली. "मास्तरीन, लिव."

मी दहावीत होते. नाव, वय, धंदा सगळं लिहिलं. मग रकाना आला: अर्जदाराचे अन्यत्र स्वतःचे घर आहे काय? असल्यास तपशील.

दानम्माची मान ताठ झाली. "लिव. हाय म्हनून लिव. दुधनी. बारा खण."

मी झोकदार अक्षरात लिहिलं. खाली रेघसुद्धा मारली. अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात नियम छापलेले होते. ते ना तिनं विचारले, ना मी वाचले.

पौषात यादी लागली. खिडकीतला कारकून क्रियापदं वापरत नाही. "दानम्मा गुरप्पा. अपात्र. अन्यत्र घर. हरकत असल्यास पंधरा दिवसांत. पुढचे."

"म्हंजे काय की?" दानम्मानं मला विचारलं.

"म्हणजे ज्याला कुठंच घर नाही त्यालाच हे घर," मी म्हणाले. "अक्का, तुमचं तर दुधनीला आहे ना!"

ती परत येताना मंगळवार बाजारापाशी थांबली आणि म्हणाली, "उद्या शाळा बुडव. दुधनीला जाऊ."

सकाळच्या गाडीनं गेलो. स्टेशनापासून ती झपझप चालत होती, मी मागं. आडतींची ओळ लागली. भुईमुगाची पोती, हमालांचे आवाज, अर्धे मराठीत, अर्धे कानडीत. एका आडतीच्या मागं गेलो. एक लांबट, बुटकी खोली. आत रिकामी पोती रचलेली. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं.

"हितं राहात हुतो," दानम्मा म्हणाली. "मालकानं दिलती. हे गेलं, आन् दुष्काळात आडतीत काम ऱ्हायलं न्हाय. खोली मालकाची, मालकाकडं गेली. मोज खण."

दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण; इथं मोजायला काय होतं! मी म्हणाले, "अक्का, अर्धा."

"अर्धाबी न्हाय. पोती हैत त्यात." आणि ती हसली. मी तिला तशी हसताना पहिल्यांदा बघितली, भुवया खाली ठेवून.

तिथल्या कचेरीतून तिनं दाखला घेतला: सदर बाईंच्या व मयत पतीच्या नावे या गावी घर अथवा जागा नाही. शिक्का मारणारा माणूस गुरप्पाला ओळखत होता. त्याला वाटलं होतं बाई रडेल. ती म्हणाली, "शिक्का ठळक मारा की. फिका नको."

हरकत नोंदवली. सुनावणीच्या आदल्या दिवशी भीमाबाईनं सल्ला दिला. "मोकळ्या हातानं जाऊ नगं. सायबाला पंचवीस भाकऱ्या ने. शेंगाची चटणी ने."

"न्हाय नेनार. उद्या तूच म्हनशील, भाकरीवर घर मिळिवलं."

भीमाबाईनं हे मनाला लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी, काय होतंय ते बघायला, स्वतःच आमच्या मागोमाग कचेरीत आली. तिच्याबरोबर बोळातले आणखी चौघे. सुनावणी उघड्या हॉलमध्ये होती. शंभरएक माणसं बाकांवर. दानम्माला वाटलं होतं साहेबाला हळूच कागद दाखवायचा आणि निघायचं. तिनं मागं वळून बोळातली तोंडं बघितली आणि तिचा हात पदरात गेला.

साहेब चष्म्याच्या वरून बघणारे होते आणि प्रत्येक शब्द वेगळा उच्चारत. "बाई, हा दाखला म्हणतो घर नाही. हा अर्ज म्हणतो बारा खण. खाली रेघही मारलेली आहे. यातलं खरं काय?"

हॉलमध्ये खसखस पिकली. मी बाकाखाली जायचंच बाकी होतं.

दानम्माचे ओठ हलले. "मनी इल्ल," ती पुटपुटली. घर नाही, पण कानडीत. साहेबांना कानडी येत नसावी. "मोठ्यानं बोला."

सहा वर्षं ज्या माणसांना ती बारा खण ऐकवत होती ती सगळी मागच्या बाकावर बसली होती. दानम्मानं पदरातला हात काढला. नळावर भांडताना काढते तोच आवाज काढला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा.

"घर न्हाय. दुधनीला न्हाय, सोलापुरात न्हाय, कुटंच न्हाय. कदी नव्हतं."

"मग बारा खण का लिहिले?"

"खोली भाड्यानं मागाय गेलं की पयलं इचारत्यात, गावाकडं घर हाय का. न्हाय म्हनलं की दार लावत्यात. म्हनून हाय म्हनाय शिकले. तुमीबी घरच द्यायलाय की, साहेब. मला वाटलं, तुमालाबी तेच ऐकायचं आसंल."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि दाखल्यावरचा ठळक शिक्का बघितला.

"घर नसलेल्यांनाच घर द्यायचं आहे, बाई," ते म्हणाले. या वेळी शब्द जरा एकमेकांना चिकटून आले. "हरकत मान्य."

दानम्मानं हात जोडले नाहीत. "बरं," म्हणाली, दाखला परत मागितला, घडी केली, आणि मागच्या बाकापाशी थांबून भीमाबाईला म्हणाली, "चल की. हितंच बसायलीस व्हय?"

माघात सोडत झाली. एका शाळेच्या पटांगणात डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. एकशे सत्तेचाळिसावी चिठ्ठी दानम्माची. ती उठली, पुढं गेली, कारकुनानं "दानम्मा गुरप्पा. हजर?" म्हटलं, आणि ती म्हणाली, "डोळ्यासमोर उभी हाय की!" चैत्रात किल्ली मिळाली, मल्लप्पाच्या पोराच्या हळदीच्या आत खोली रिकामी करून दिली, झाडून, चुलीमागची भिंत चुन्यानं पोतारून. मल्लप्पानं आढ्याकडं न बघता तिच्याकडं बघून "बरं झालं बग, दानम्मा," म्हटलं. तंबाखू थोडी सांडली.

भीमाबाई मात्र हॉलमध्ये स्वतःच्या कानांनी ऐकूनही सांगते ते बारा खणच. मी एकदा टोकलं तर म्हणाली, "आगं, घर न्हाय म्हनून चारचौघांत कुनी खरं सांगतंय व्हय? नक्कीच हाय तिचं!"

सामान हलवायच्या दिवशी मी दानम्माला डिवचलं. "अक्का, नवे शेजारी. आठ दिवसांत बारा खण बाहेर पडतात का नाही बघा."

"न्हाय पडनार."

"पैज?"

"लाव. पडलं तर म्हैनाभर तुला रोज भाकरी-चटणी फुकट. न्हाय पडलं तर आठ दिवस माझ्याशेजारी बसून भाकरी थापायची. नक्कल न्हाय, भाकरी."

मी जिंकल्यातच जमा होते. सहा वर्षांची सवय कुठं सुटते! दहावीची परीक्षा संपलेली, रोज दुपारी माळावर जायचे आणि उंबऱ्यात कान देऊन बसायचे. निंगव्वा मागच्या अंगणात उन्हात बसलेली, दानम्मा चुलीपाशी. सात दिवस काही नाही. आठव्या दिवशी पलीकडच्या घरातले रावसाहेब आले. एस.टी.त कंडक्टर, बोलताना डबल बेल मारल्यासारखा प्रत्येक वाक्याचा शेवट दोनदा करतात.

"गाव कुठलं तुमचं, गाव कुठलं?"

"दुधनी."

"आमचं बार्शीकडं, बार्शीकडं. तिकडं घर आहे आमचं. दहा खणांचं, दहा खणांचं!"

दहा! मी उंबऱ्यातून पुढं सरकले. दानम्माचा थापणारा हात हवेत थांबला. दुसरा कमरेवर गेला. भुवया चढायला लागल्या, पार निम्म्या कपाळापर्यंत. महिनाभराच्या चटणीचा वास मला यायला लागला.

मग भुवया खाली आल्या. तिनं चुलीजवळची एक भाकरी उचलली, टिचकी मारली, कान दिला, रावसाहेबांच्या हातात ठेवली.

"आसंल की," ती म्हणाली. "आमचं हे हितं हाय, येवढंच. उंबऱ्यात का थांबलाय? आत या, बसा."

रावसाहेब आत आले, बसले. दानम्मानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नुसती काटवट पायानं माझ्या बाजूला सरकवली.

आठ दिवस थापल्या. एकही वाजली नाही.