मुका दोर घात करते

माझ्या मामेसासऱ्यांइतका बांधण्याचा सोस असलेला दुसरा माणूस ब्रह्मदेवाने घडवलाच नसावा. घडवला असता, तर यांनी त्यालाही एव्हाना एखाद्या खांबाला करकचून बांधून ठेवलं असतं. परतवाड्याच्या वखारीत ट्रकवर चढवलेली सागाची लांबच लांब लाकडं बांधून देणं हे त्यांचं काम. वडील वकील, दोघे भाऊ वकील, आणि हे डोक्याला पंचा गुंडाळून लाकडांच्या ढिगावर. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी भीत भीत कारण विचारलं, तर म्हणाले, "जवाईबापू, वकील लोकायले सोडोते. घरात एखादा बांधणारा पायजे का नाई?" त्या घरात छत्री बांधलेली असे, पंचांग बांधलेलं असे, माठाचं झाकणसुद्धा माठाला बांधलेलं असे. मांजर तेवढी मोकळी होती, आणि तीही त्यांच्या हाताच्या टप्प्यात येत नसे. त्या पहिल्याच खेपेला त्यांनी माझी वळकटी बांधून दिली. अमरावतीला घरी आल्यावर ती सुटेना. कापू म्हटलं तर बायको आडवी आली, "मामाला काय वाटेल!" तिसऱ्या दिवशी मामाजी कशाला तरी अमरावतीला आले आणि त्यांनीच ती सोडली; तोवर आम्ही दोघं नवपरिणीत सतरंजीवर झोपलो.

लाकडं ट्रकच्या मागे हात-दोन हात बाहेर येत, आणि त्यांच्या टोकाला लाल फडकं लावावं लागे. मामाजींना बाजारातलं फडकं पसंत पडत नसे. लाल म्हणजे लाल पाहिजे, तीन शेतं पलीकडून दिसलं पाहिजे, आणि तसा लाल रंग फक्त मामींच्या लुगड्यांना होता. मामी पदर शोधत आल्या की समजावं, पदर वाटेला लागला. "माह्या लुगड्यायनं अकोला पाह्यला," त्या म्हणायच्या, "म्या अजून चांदूर बाजार बी नाई पाह्यला!"

पण खरी मजा दोर तपासताना. दोरांत दांडकं घालून पीळ भरून झाला की मामाजी प्रत्येक दोरावर थाप मारत आणि कान लावून ऐकत. दोर टणकन वाजला तर तो 'बोलला'. फद्द वाजला तर मुका, आणि "मुका दोर घात करते" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मग सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. ट्रकचा ड्रायव्हर करीमभाई ताटकळून वैतागायचा. "मामू, लकडी है, दुल्हन नहीं! और कितना सजाओगे?"

"चूप बे! ब्रेक गाडीले लागते, लाकडाले नाई लागत. ते सरळ तुह्या मानगुटीवर येते."

एवढ्यावर भागत नसे. कोसभर गाडी हादरली की लाकूड खाली बसतं आणि दोर ढिला पडतो, म्हणून मामाजी स्वतः ढिगावर बसून पहिल्या कोसापर्यंत जात, तिथं सगळे दोर पुन्हा ऐकत आणि मग पायी परत येत. रोज. उन्हातान्हात.

एकदा माझी वळकटी बांधता बांधता त्यांनी माझी अमरावतीची मोटार घालवली, म्हणून मी करीमभाईच्या शेजारी बसून निघालो. माल अमरावतीचाच होता, उशीर झालेला होता. पहिला कोस आला तरी करीमभाई थांबेना. वरून मामाजींनी टपावर अशी बडवाबडवी केली की टप खाली येतो की काय असं मला वाटलं. शेवटी गाडी थांबली. तिसरा दोर मुका निघाला! अर्धा तास नवा पीळ, नवी पाचर आणि दोन भाषांतल्या शिव्या. मामाजी पाठ फिरवून चालू लागले, आम्ही पुढे निघालो, आणि फर्लांगभरावर बाभळीतून एक म्हैस रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली.

करीमभाईनं ब्रेक दाबला. माझं कपाळ काचेवर आपटलं. मागे लाकडं करकरली आणि जागच्या जागी थांबली. मागच्या खिडकीतून मी पाहिलं: एका सागाचा बुंधा बरोबर करीमभाईच्या मानेच्या उंचीवर होता.

मामाजी धोतर हातात धरून पळत आले, पायात एकच चप्पल. आता हे दोर ऐकणार, असं मी समजून चाललो. त्यांनी लाकडाकडे पाहिलंसुद्धा नाही. दार उघडलं आणि दोन्ही हातांनी करीमभाईची मान चाचपली, पुढून, मागून. "हालव. इकडं हालव. दुखून राहिली का?"

"मामू, गुदगुली होती है," करीमभाई म्हणाला.

मामाजी मटकन पायरीवर बसले आणि पंच्यानं डोळे पुसत म्हशीच्या सात पिढ्या उद्धरू लागले. करीमभाई उतरून त्यांच्याजवळ उभा राहिला. म्हणाला, "मामू, एक बार और देख लो ना रस्सी."

"आता माह्या कानाले काई ऐकू येऊन नाई राह्यलं रे बाप्पा. तूच पाय."

आणि रोज शिव्या घालणारा तो माणूस एकेका दोरावर थाप मारत, कान लावत, गाडीभोवती फिरला.

मामाजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सख्ख्या भाचीचा नवरा मी, त्या दिवशी तिथंच शेजारी, कपाळाला टेंगूळ घेऊन बसलो होतो. माझी मान कुणीही पाहिली नाही. तेव्हा मला करीमभाईचा हेवा वाटला होता. खरं सांगायचं तर, अजूनही वाटतो.