फोर्कची बैठक

उभी सायकल दिसली की देवकरभाऊ तिचं हँडल दोन्ही तळव्यांनी खाली दाबायचे. सायकल कुणाची, मालक ओळखीचा की नाही, याच्याशी त्यांना काही घेणं नसायचं. रहाटणीतल्या दवाखान्याबाहेर, डांगे चौकातल्या रसवंतीसमोर, कुठेही. दाबायचे, डोळे मिटायचे, पुढचा फोर्क वर येताना कसा आवाज करतो ते ऐकायचे आणि मान हलवून चालू पडायचे. एकदा एकाने हटकलं, "ओ काका, काय करताय?" तर म्हणाले, "दमलीय हो तुमची सायकल. जरा विचारपूस केली."

माझ्या सायकलचीही अशीच विचारपूस झाली, थेरगावात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. ते दुसऱ्या मजल्यावर नुकतेच राहायला आले होते. माझे वडील कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि हेल्पर म्हणूनच निवृत्त झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी, आणि स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली वस्तू म्हणजे ही माउंटन बाइक. तिला कुणी हात लावलेला मला खपत नसे. भाऊंनी हँडल दाबलं आणि म्हणाले, "पोरी, यात ऑइल नाई. नुसता गंज खेळायलाय."

"नवी आहे ती," मी म्हणाले.

"नवी होती," भाऊ म्हणाले.

रविवारी त्यांनी पार्किंगमध्ये वर्तमानपत्रं पसरली आणि माझ्याकडूनच फोर्क उघडून घेतला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, फोर्क म्हणजे पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे नळे. खड्डा आला की ते आत दबतात आणि दणका हातापर्यंत पोचू देत नाहीत. माझ्या नळ्यांतून जे निघालं त्याला ऑइल म्हणणं कठीण होतं. आम्ही सगळं पुसलं, ऑइल आत अडवणारे रबरी सील बदलले, नवीन ऑइल घातलं. दुसऱ्या दिवशी चाकणला जाताना रस्ता कुणीतरी दुरुस्त केल्यासारखा वाटला. तसा तो कुणी केला नव्हता, हे तिथे नोकरीला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

भाऊही चाकणलाच कामाला होते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवणाऱ्या कंपनीत, टेस्टिंगला. मशीनवर माल चढवायचा आणि तो गळायला लागेपर्यंत वर-खाली आपटत ठेवायचा, हे त्यांचं काम. त्याला कंपनीत फटीग टेस्ट, म्हणजे थकव्याची चाचणी, म्हणतात. तरुणपणी अंबाजोगाईहून आल्यापासून भाऊंनी दुसरं काही केलंच नव्हतं. त्यामुळे हा शब्द त्यांच्या तोंडात बसला होता. शिफ्टच्या बसचा ड्रायव्हर फटीग, कॅन्टीनची डाळ फटीग, टीव्हीवर भांडणारे पुढारी फटीग. संध्याकाळी जिना चढताना कठड्याला धरून थांबायचे आणि विचारलं की म्हणायचे, "काही नाई गं, एका दणक्यात काही तुटत नसतंय. रोज थोडं थोडं जातंय. मग लोक म्हणतात, अचानक गेलं."

हळूहळू आमची पाच-सहा जणांची टोळी जमली. रविवारी सकाळी घोरावडेश्वराच्या डोंगराच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर जायचं आणि परत आल्यावर भाऊंच्या हाताखाली सायकली खोलायच्या. भाऊंना स्वतःचा अभिमान चांगलाच होता. "मी नसतो तर तुमच्या सायकलीला नुसते दोन पाइप असते," असं ते तोंडावर सांगायचे. रावेतचा गणेश, जुन्या गावातला, ट्रॅक्टर धुतात तिथे जाऊन प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊन आणायचा. पाणी सीलमधून आत शिरायचं. भाऊंनी त्याचा फोर्क उघडला तर आतून तपकिरी पाणी आलं.

"गण्या, हे ऑइल हाय का उकाळा?"

"भाऊ, चकाचक धुतली व्हती ओ."

"म्हशीला धुतोस तशी धुतलीस. घे, कप आण, सगळ्यांना अर्धा अर्धा दे."

"आमी न्हाई पीत," गणेश म्हणाला, "पाहुण्यांना आधी." सगळे हसलो. भाऊंनी मात्र त्याच्याकडून नळ्यांतल्या, ऑइल धरून ठेवणाऱ्या फोमच्या रिंगा पिळून, वाळवून, पुन्हा ऑइलमध्ये भिजवून घेतल्या, तोवर त्याला घरी सोडलं नाही.

पुढे मी नोकरीत कायम झाले आणि हवेवर चालणारा महागातला फोर्क घ्यायचं ठरवलं. भाऊ म्हणाले, "आहे तो चांगला चालायलाय की. नटायला घ्यायलीस तर तसं सांग, म्हणजे रंग बघून घेऊ."

"हो, नटायलाच," मी म्हणाले. "आमच्या घरात आजवर कुणी नटलं नाही."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "मग काळा नको," म्हणाले, "तांबडा घे." माझ्या फ्रेमला झेपेल एवढ्याच उंचीचा तांबडा फोर्क त्यांनी आठवडाभर शोधला.

तो बसवला त्या दिवशी मला त्यांच्या कामाची खरी रीत कळली. हवेच्या फोर्कमध्ये माणसाच्या वजनाप्रमाणे हवा भरावी लागते. माणूस नुसता बसला तरी फोर्क थोडा खाली जायला हवा. याला भाऊ 'बैठक' म्हणायचे. मी तशीच बसायला गेले तर ओरडले, "अशी नाई. बॅग घे, डबा घे, पाण्याची बाटली भर. रोज जशी जातीस तशी बस." मी सगळं ओझं घेऊन बसले. त्यांनी नळीवरची रबराची रिंग खाली सरकवली, मला उतरवलं, आणि रिंग किती वर राहिली ते पाहून छोट्या पंपाने हवा कमी-जास्त केली. "तुझ्या भारानं जो बसत नाई, तो खड्ड्यात तुला काय सांभाळणार?"

बैठक एकट्याला बघता येत नाही. एकाने बसायचं, दुसऱ्याने सायकल धरून रिंग बघायची. भाऊंच्या सायकलची बैठक बघायचं काम माझ्याकडे आलं. वर्षानुवर्षं त्यांच्या फोर्कची हवा बदलावी लागली नव्हती. मग एका पावसाळ्यानंतर ते म्हणाले, "जरा सोड गं हवा. कडक झालाय." मी सोडली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. म्हणाले, सील नवे आहेत, घट्ट बसलेत. त्याच्या पुढच्या महिन्यात म्हणाले, थंडीने होतं. थंडीत हवा आकसते, फोर्क उलट मऊ होतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी पंप हातात घेऊन उभी राहिले. शर्टाची कॉलर त्यांच्या मानेभोवती सैल फिरत होती.

"भाऊ, फोर्क कडक नाही झाला. तुम्ही हलके झालात."

"ग्रॅज्युएट झालीस, डॉक्टर नाई झालीस."

"तपासून घ्या."

"घेतो की. ही बॅच संपू दे."

"बॅच कधी संपते तुमची?"

ते सायकलवर बसूनच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "टेस्टला लावलं की रिझल्ट येतोच गं. आयुष्यभर तेच बघायलोय. एकही पीस असा नाई आला, की लावला आणि काही निघालं नाई."

मी त्यांना उतरवलं, सायकल भिंतीला टेकवली आणि सरळ दुसऱ्या मजल्यावर गेले. भाऊंच्या पत्नी, सुनंदावहिनी, भाकऱ्या थापत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या पिठाचे हात तसेच घेऊन खाली आल्या. भाऊ माझ्यावर इतके चिडले की दोन रविवार पार्किंगमध्ये उतरले नाहीत. पण दवाखान्यात गेले. पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, तरी करण्यासारखं आहे. मी केलं ते बरोबर केलं. आजही मला तसंच वाटतं.

वर्षभर उपचार चालले. भाऊ पुन्हा खाली येऊन खुर्चीत बसायला लागले. माझ्यावरचा राग कधी गेला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डोंगरावर जाणं बंद झालं, पण महिन्यातून एकदा बैठक बघायचा त्यांचा हट्ट होता. गणेश त्यांना उचलून सायकलवर बसवायचा, मी हवा सोडायचे. आता सील आणि थंडी ही नावं कुणी घेत नव्हतं. "अजून," भाऊ म्हणायचे. "अजून थोडी सोड." मला एकदा राहवलं नाही. म्हटलं, "कुठे जायचंय भाऊ, कशाला दर महिन्याला हे?" त्यावर ते म्हणाले, "जायचं नसलं म्हणून काय झालं? बसलो तर नीट बसलेलं असावं." शेवटची बैठक बघितली आणि पुढच्याच आठवड्यात ते गेले.

पुढे बरेच दिवस भाऊंची सायकल झाकून पडली होती. एका रविवारी मी माझा फोर्क उघडून बसले होते, तेव्हा सुनंदावहिनी खाली आल्या. चादर काढून सायकलकडे बघत राहिल्या.

"एवढा संसार झाला, मी कधी हात नाही लावला हिला," म्हणाल्या. "धरशील का जरा?"

मी सीट खाली केली, चाक गुडघ्यांत धरलं. वहिनी म्हणजे बुटक्या, चणीने अगदी बारीक. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून त्या बसल्या. फोर्क जड माणसासाठी भरलेला असता, तर त्यांच्याखाली हलला नसता. सवयीने मी रिंग खाली सरकवली, त्यांना उतरवलं आणि पंपाकडे हात नेला.

रिंग बरोबर जागेवर होती. हवा काढायची नव्हती, भरायचीही नव्हती. भाऊ शेवटी वहिनींएवढे उरले होते.

"काय गं, कमी-जास्त करावं लागेल का?" वहिनींनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले, "नीट बसलाय."